विहिरीच्या पाण्याची झडती घ्या

शिरोळ व हातकणंगले तालुक्यांतील बागायतदार बंधु-भगिनींस,

पश्चिमेस गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळत असता, तेथून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेस शिरोळला तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो, ही गोष्ट कोल्हापूरला सरसकट ‘पाण्याचा जिल्हा’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही. या कोरड्या पूर्वभागात ऊस उभा आहे तो कृष्णा-पंचगंगेवरील उपसा योजनांच्या आणि विहिरींच्या जोरावर. नदीच्या पाण्याची पाळी लांबली की विहिरीवरची मोटर सुरू होते. शेतात मुरलेले पाणी जमिनीतील व खतांतील क्षार विरघळवून पुन्हा त्याच विहिरीत उतरते, आणि दर फेऱ्यागणिक अधिक खारे होऊन उसाच्या मुळाशी परत येते. शिवारात मीठफुटी दिसू लागली म्हणजे आपण दैवाला, खताला किंवा शेजाऱ्याच्या पाटाला दोष देतो. विहिरीची झडती मात्र कोणी घेत नाही.

पाण्याचे आपले सारे दप्तर लांबी, खोली आणि अश्वशक्ती यांनी भरलेले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पाण्याची पातळी मोजली जाते. राज्याचा 2009 चा भूजल कायदा खोल विहीर कोणती हे मीटरांत ठरवितो. पाणीपट्टी बहुतांशी क्षेत्रावर आकारली जाते. 2015 पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत तर 12 घटकांची नोंद असते, पण त्या बारांत सोडियमला जागा नाही आणि पत्रिकेत ओलिताच्या पाण्यासाठी साधा रकानादेखील नाही. ज्या दोन गोष्टींनी आपली काळी जमीन नासते, नेमक्या त्याच दोन गोष्टी या सरकारी पत्रिकेवर नसाव्यात, याला योगायोग म्हणणे आम्हांस जड जाते.

कोणी म्हणेल, पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखला आमच्यापाशी आहे. तो दाखला माणसाच्या पोटापुरता आहे. प्यायलेल्या पाण्यातील क्षार शरीर बाहेर टाकते, निचरा नसलेले शेत ते साठवीत जाते. या बाबतीत प्रयोगशाळेपेक्षा आपला गुळव्या अधिक जागरूक निघाला म्हणावयाचा, कारण मचूळ पाण्यावर पोसलेल्या उसाचा गूळ खारट होतो, काळपट पडतो आणि पावसाळी हवेत पाझरू लागतो, हे त्याने काहिलीपाशी उभे राहून कधीच ओळखले होते.

आता थोडा हिशेब. पाण्यातील एकूण क्षार विद्युतवाहकतेवरून कळतात. ती डेसिसायमन प्रति मीटर या एककात मोजतात आणि एका एककास लिटरमागे सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार धरतात. विहिरीचे पाणी 2 एककांचे असेल आणि लागणीपासून तोडणीपर्यंत त्याचे एकंदर दीड मीटर ओलीत दिले गेले असेल, तर एका एकरात साडेसात टनांहून अधिक क्षार आपण स्वहस्ते, स्वखर्चाने, विजेचे बिल भरून ओतलेले असतात. पावसाने आणि निचऱ्याने त्यांतले जे धुऊन जाईल ते जाईल, उरलेले तिथेच. मातीच्या अर्काची वाहकता 1.7 च्या वर गेली म्हणजे दर एककामागे उसाचे उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटते, हे जगभरच्या प्रयोगांतून निघालेले प्रमाण आहे.

क्षारांचा हा आकडा भयंकर असला तरी एकट्या त्यावर विसंबून राहणे अधिक भयंकर, कारण जमीन चोपण होण्याचे मूळ वाहकतेच्या आकड्यात दिसत नाही. पाण्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असतील, तर कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो, सोडियम मोकळा राहतो, चिकणमातीच्या कणांवर चढतो आणि ते कण फुगून, सुटून जमिनीची छिद्रे बुजवितात; वरून पाणी साचते आणि आत मूळ गुदमरते. कार्बोनेट-बायकार्बोनेटची ही उरलेली शिल्लक लिटरमागे 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेली की ते पाणी ओलितास अयोग्य, आणि 1.25 पासूनच ते संशयास्पद. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने 1954 साली प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीत वाहकता व सोडियमचे गुणोत्तर मिळून पाण्याची प्रत ठरते, आणि आजही अनेक अहवाल त्याच तक्त्यात बोट ठेवून मोकळे होतात. परंतु जे पाणी वाळूसर जमिनीत निभावते तेच आपल्या भारी काळ्या जमिनीत घात करते, म्हणून कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने मातीतील चिकणमातीचे प्रमाण, पाऊस आणि पीक पाहून मर्यादा ठरविण्याचा मार्ग घालून दिला, तो आमच्या मते रास्त आहे.

हे नवे संकट आहे असे म्हणण्याची सोय नाही. निरेच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्यापाठोपाठ जमिनी खारावल्या, तेव्हा कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी त्या जमिनींची चिकित्सा 1910 सालीच प्रसिद्ध केली होती. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा योजना अनेक गावांत झाली, पडीक रानांत पुन्हा ऊस उभा राहिला, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण पाइप क्षारांना वाट देतो, त्यांची आवक थांबवीत नाही. जिप्समही सरसकट उपाय नव्हे: ते चोपणावर औषध आहे, निव्वळ खाऱ्या जमिनीवर पैशाची नासाडी, आणि दोहोंतला भेद माती व पाणी तपासल्यावाचून कोणालाही सांगता येत नाही, दुकानदाराला तर मुळीच नाही.

तेव्हा आमची मागणी अशी की, साखर कारखान्यांनी उसाची नोंद घेताना लागणीची तारीख, जात व क्षेत्र यांच्या शेजारी विहिरीच्या पाण्याचाही रकाना ठेवावा. उपसा संस्थांनी आपल्या लाभक्षेत्रातील विहिरींची तपासणी पाणीपट्टीच्या वसुलीतून करावी. आणि गावनिहाय निकाल चावडीवर लावावेत, ते कोणाच्या जमिनीची किंमत उतरविणारे असले तरीही. अहवालात नुसता सामू आणि वाहकता असेल तर तो परत करून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट व क्लोराइड यांचे आकडे मागावेत.

नमुना मे महिन्यात एकदा व पावसाळा उलटल्यावर ऑक्टोबरात एकदा घ्यावा. मोटर अर्धा तास चालू द्यावी, लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे, गट क्रमांक, विहीर की कूपनलिका, खोली व तारीख चिठ्ठीवर लिहावी, आणि बाटली उन्हात न ठेवता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेत पोचवावी.

शिरोळ तालुक्यातील एक बागायतदार