पंक्तिभेद आणि ग्राफिक्स कार्ड

नातवंडांच्या हट्टांविषयीं आजोबांनीं लिहीत सुटावें हा वार्धक्याचा नेहमींचाच प्रघात आहे. तो मोडल्याची प्रौढी मला मिरवितां येणार नाहीं. परंतु ह्या खेपेचा हट्ट मला प्रथम समजावून घ्यावा लागला, आणि समजावून घेतां घेतां माझीच एक जुनी चूक माझ्या हातीं लागली. म्हणून ह्या महिन्याचीं पानें त्यालाच देत आहें.

नातू शालान्त परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला. "तुझ्या संगणकाला हवें तें एक देईन," असें वचन निवृत्तिवेतनाच्या भरंवशावर मी आधींच देऊन बसलों होतों. त्यानें मागितलें ग्राफिक्स कार्ड, आणि तेंही एनव्हिडियाचें आर.टी.एक्स. 5070 टीआय. फेब्रुवारी 2025 मध्यें तें विक्रीस आलें तेव्हां अमेरिकेंत त्याची जाहीर किंमत 749 डॉलर होती. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, खेळण्यासाठींच घ्यावयाचें तर बाजारांत जें सर्वांत स्वस्त असेल तें घ्यावें. मनांतून माझेंही मत तेंच होतें. सूनबाईंनीं निवाडा माझ्यावर सोंपविला, कारण वचन माझें होतें.

"अरे, पण हेंच कां?" मी विचारलें.

"आजोबा, वर्गांत सगळ्यांकडे सत्तरच्या वरचें आहे. साठवाल्याला कोणी विचारीत नाहीं."

हें उत्तर मला खटकलें. कां खटकलें तें तेव्हां उमगलें नाहीं.

हा साठ-सत्तरचा व्यवहार वाचकांनाही माझ्याइतकाच अपरिचित असेल, म्हणून थोडें सांगतों. संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. साधारण पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. खेळ चालू असतां इतके ठिपके सेकंदाला साठ वेळां नव्यानें रंगवावे लागतात. तें काम ह्या कार्डाचें. एनव्हिडियाच्या क्रमांकांतील पहिले दोन आंकडे पिढी दाखवितात आणि शेवटले दोन पायरी: 5060, 5070, 5080, 5090. पायऱ्या दहा-दहाच्या दिसतात, पण त्यांची उंची सारखी नाहीं. 5080 ची आरंभींची किंमत 999 डॉलर, तर 5090 ची 1,999. पहिल्यांत 10,752 कोअर, तर दुसऱ्यांत 21,760. आंकडा दहानेंच वाढला, आंतला माल आणि दाम दुपटीवर गेले.

आमच्या शास्त्रग्रंथांत आरंभींच चार गोष्टी सांगण्याची चाल आहे: विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन. ग्रंथ कशाविषयीं, कोणासाठीं, त्याचा कशाशीं काय संबंध आणि वाचून लाभ काय, हें ठरल्यावांचून विद्यार्थ्यानें पान उलटूं नये. मीं नातवाला कागद दिला आणि म्हटलें, "कार्डाचे हे चार प्रश्न लिही. उत्तरें आलीं कीं बाजारांत जाऊं."

विषय म्हणजे कोणते खेळ. त्यानें दोन नांवें लिहिलीं. 'व्हॅलोरंट' हा 2020 सालचा खेळ अगदीं साध्या यंत्रावरही चालतो. त्याच वर्षींचा 'सायबरपंक 2077' मात्र कार्डाला घाम फोडणारा. त्यांत दिव्यांचे किरण भिंतींवर आणि पाण्यावर कसे उमटतील ह्याचेंही गणित कार्डाला करावें लागतें.

अधिकारी म्हणजे मीं येथें पडदा धरला, कारण कार्डाचें सर्व काम शेवटीं त्यालाच पोंचतें. आमचा पडदा वर सांगितल्याप्रमाणें वीस लाखांचा, आणि सेकंदाला साठच चित्रें दाखविणारा. ज्याला 'फोर के' म्हणतात त्या पडद्यावर 82,94,400 ठिपके असतात, म्हणजे बरोबर चौपट. वरच्या पायरीचीं कार्डें मुख्यतः तसल्या पडद्यांसाठीं. साठ चित्रें दाखविणाऱ्या पडद्याला दोनशें चित्रें पाठविलीं तरी तो सेकंदाला साठच दाखविणार. नातवानें हें स्वतःच लिहिलें आणि लेखणी थांबविली.

संबंध म्हणजे घरांतल्या यंत्राशीं मेळ. वीज पुरविणारी आमची एस.एम.पी.एस. ची पेटी 650 वॅटची. 5070 टीआयसाठीं उत्पादकाची शिफारस 750 वॅटची आहे. म्हणजे कार्डापाठोपाठ पेटीही नवी आली. शिवाय खेळांतील प्रसंगांची जुळवाजुळव प्रोसेसर करतो आणि कार्ड तो प्रसंग रंगवितें. एक स्वयंपाकी आणि दहा वाढपी असले तर वाढपी रिकामे उभे राहावयाचेच. जुन्या प्रोसेसरपाशीं भारी कार्ड असेंच खोळंबतें. कार्ड पेटींत मावेल कीं नाहीं हेंही पाहावें लागतें. नातवानें माझी शाळेंतली लांकडी फूटपट्टी आणून संगणकाची पेटी आंतून मोजली.

प्रयोजनाच्या रकान्यांत त्यानें बराच वेळ कांहीं लिहिलें नाहीं. मग लिहिलें, "सुटीच्या दिवशीं दोन तास खेळणें. तीन-चार वर्षें कार्ड बदलावें लागूं नये."

मला वाटलें, वाद मीं जिंकला. मीं लगेच सर्वांत स्वस्त कार्डाचें नांव घेतलें. येथें मात्र नातवानें मला निरुत्तर केलें. "आजोबा, त्याची मेमरी आठ जीबी. आतांच अपुरी पडते, मग तीन वर्षांनीं काय?"

त्यानें तें मला स्वयंपाकघराच्या भाषेंत समजाविलें. कार्डावरची मेमरी म्हणजे ओटा. लागणारें सामान ओट्यावर मावलें तर काम भराभर होतें. न मावलें तर प्रत्येक डबा माळ्यावरून उतरवावा लागतो. भिंती, वस्त्रें, चेहरे ह्यांचीं तपशीलवार चित्रें कार्डाच्या मेमरींत मावलीं नाहींत तर तीं संगणकाच्या मुख्य मेमरींतून आणावीं लागतात. ती वाट पुष्कळ मंद. म्हणून खेळ मध्येंच अडखळतो किंवा चित्रें पुसट दिसूं लागतात. कार्ड कितीही चपळ असो, ओटा लहान पडला कीं चपळाई फुकट. उत्तर बिनतोड होतें. माझी काटकसर त्याच्या हौसेइतकीच आंधळी होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गिरगांवांतून चालत लॅमिंग्टन रोडला गेलों. एका दुकानदारानें 5060 टीआय दाखविलें. भाव ऐकून नातू हरखला. मीं चष्मा लावून खोक्याची बाजू वाचली: आठ जीबी. ह्याच नांवाचीं दोन कार्डें एप्रिल 2025 मध्यें बाजारांत आलीं आहेत, एक आठ जीबीचें, 379 डॉलरचें, आणि दुसरें सोळा जीबीचें, 429 डॉलरचें. दोहोंचें नांव एकच.

संस्कृत शिकणाऱ्या मुलांना 'सैंधव' शब्दाचें उदाहरण देतात. त्याचा अर्थ मीठ आणि घोडाही. जेवतांना मालकानें सैंधव मागितलें तर मीठ आणावें, प्रवासाला निघतांना मागितलें तर घोडा. तेथें प्रसंगावरून अर्थ कळतो. दुकानांत तो खोक्यावरच्या बारीक अक्षरांवरून काढावा लागतो. हा प्रकार नवा नाहीं. 2016 मध्यें जी.टी.एक्स. 1060 हें नांव तीन आणि सहा जीबीच्या दोन कार्डांना दिलें होतें. त्यांत मेमरी तर वेगळी होतीच, पण कोअरही 1,152 आणि 1,280 असे कमी-अधिक होते. 2022 मध्यें 4080 ह्या नांवाचीं दोन कार्डें जाहीर झालीं. बारा जीबीच्या कार्डावर इतकी टीका झाली कीं, तें विक्रीपूर्वींच मागें घेऊन जानेवारी 2023 मध्यें 4070 टीआय ह्या नांवानें आणावें लागलें. वस्तु तीच, पण तिची पंक्ति बदलली.

शेजारच्या दुकानीं ए.एम.डी. चें आर.एक्स. 9060 एक्सटी होतें. तेंही जून 2025 मध्यें आठ आणि सोळा अशा दोन रूपांत, 299 आणि 349 डॉलरला निघालें. सोळा जीबीच्या दोन्ही कार्डांचे त्या दिवशींचे भाव विचारले, ए.एम.डी. चें स्वस्त पडत होतें, तेंच घेतलें. उरलेले पैसे पुढेंमागें सेकंदाला 144 चित्रें दाखविणाऱ्या पडद्यासाठीं राखून ठेवले आहेत. 'व्हॅलोरंट'सारख्या चपळाईच्या खेळांत कार्डाची पायरी चढण्यापेक्षां चांगला पडदा अधिक उपयोगी, हें आतां मलाही पटलें आहे.

परत येतांना त्याचें तें 'साठवाल्या'विषयींचें वाक्य मला पुन्हां आठवलें. छत्तीस वर्षें मीं वर्ग शिकविले. प्रत्येक परीक्षेनंतर गुणांप्रमाणें मुलांचे बाक बदलीत असें. त्यांना ईर्षा वाटावी हा माझा हेतु. शेवटच्या बाकावरचीं मुलें पुढें पुढें उत्तर येत असूनही हात वर करीत नसत, हें मीं पाहात होतों आणि तरीही ती पद्धत चालू ठेवली. भोजनाच्या वेळीं माणसांच्या पंक्ति निराळ्या मांडण्याची रीत आपल्या घरांतून जावयास किती दिवस लागले, हें ह्या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. मीं मात्र माझ्या वर्गांत ती आंकड्यांनीं पुन्हां मांडली होती. कार्ड विकणाऱ्यानें पायऱ्या कराव्यात हा त्याचा व्यापार झाला. पण त्या पायरीवर मुलाला उभें करण्याची संवय त्याला आम्ही शिक्षकांनीं आणि घरच्या मंडळींनींच लाविली.

हें सारें मीं नातवाला रस्त्यांत सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. खोकें दोन्ही हातांनीं धरून चालत होता.

ज्यांच्या घरीं असाच हट्ट चालू असेल त्यांनीं बाजाराला निघण्यापूर्वीं मुलाच्या हातीं कागद द्यावा आणि चार प्रश्नांचीं उत्तरें त्यालाच लिहूं द्यावींत. तो आपल्याहून अधिक जाणतो. फक्त खोक्याच्या बाजूचीं बारीक अक्षरें वाचावयास आपला चष्मा बरोबर असूं द्यावा.