खाडीकाठचे शहर समुद्राचेच



ठाणे आणि नवी मुंबई ही समुद्रकाठची शहरे म्हणायची की नाही, हा प्रश्न वरवर शाळेतल्या भूगोलाचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर जमिनींचे भाव, इमारतींच्या परवानग्या आणि पावसाळ्यात कोणाच्या घरात पाणी शिरणार हे अवलंबून आहे. खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट 'सी व्ह्यू' म्हणून विकला जातो. त्याच जागेला किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची बंधने लागू आहेत असे कोणी दाखवून दिले की 'इथे समुद्र कुठे आहे, ही तर खाडी' असे सांगितले जाते. ही दुटप्पी भूमिका फार वर्षे चालली आहे आणि ती थांबली पाहिजे. माझ्या मते ही दोन्ही शहरे निःसंशय समुद्रकाठची आहेत. लाटा दिसतात का, वाळू आहे का, क्षितिज मोकळे आहे का, यावरून हे ठरवण्यात अर्थ नाही. भरतीचे खारे पाणी शहराच्या उंबऱ्याशी रोज येते का, एवढेच पाहावे.

मुंबईला समुद्राचे शहर म्हणायला कोणाचीच हरकत नसते, म्हणून आधी मुंबईच पाहू. चौपाटी, वरळी, जुहू हा खुल्या अरबी समुद्राकडचा भाग पश्चिमेला आहे. पण मुंबईला ज्याने बंदर बनवले, ते सगळे पूर्वेला, शहराच्या पाठीमागे आहे. १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक (आजचा इंदिरा डॉक), नौदलाची गोदी, भाऊचा धक्का हे सारे आतल्या, आडोशाच्या पाण्यावर उभे आहे. कारण साधे आहे. मोसमी वाऱ्यात खवळलेल्या समुद्रासमोर जहाज नांगरून ठेवता येत नाही, त्याला आडोसा लागतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे सुरू झालेले बंदरही याच आतल्या पाण्यावर आहे आणि तेच पाणी पुढे उत्तरेला ठाण्याच्या खाडीत जाते. कल्याणची गोष्ट तर याहून जुनी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर मराठा आरमाराच्या उभारणीला सुरुवात झाली ती तिथल्या खाडीच्या काठावर. खुला समुद्र समोर नाही म्हणून शहर समुद्राचे नाही, असे म्हटले तर कोकणचा निम्मा दर्यावर्दी इतिहास डोंगरातला ठरेल.

आता ठाण्याच्या खाडीच्या पाण्याकडे पाहू. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी साडेचार मीटर आणि त्याहूनही वर चढते. भांगाच्या दिवसांत ते तितके चढत नाही. या सगळ्या चढउताराचा हिशेब खाडीही ठेवते. साधारण सहा तासांनी पाणी ओसरले की मैलभर चिखल उघडा पडतो, त्यावरचे शेवाळ खायला रोहित पक्षी उतरतात. त्यांच्यासाठीच २०१५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठावर तिवरांची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात. गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी ती दिसणार नाहीत. निवट्या, चिंबोऱ्या, कालवे, जिताडा ही खाऱ्या-मचूळ पाण्याची संपत्ती आहे आणि तिच्यावर दोन्ही काठांचे कोळीवाडे पिढ्यानपिढ्या जगले आहेत.

यापेक्षाही ठोस पुरावा नवी मुंबईच्या रचनेत आहे. सिडकोने हे शहर खाजणांवर, भराव टाकून वसवले, आणि त्यातले कित्येक विभाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून खाडीकडच्या बाजूला साठवण तलाव बांधावे लागले. त्यांच्या तोंडाशी लोखंडी झडपा आहेत. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून खाडीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते आणि शहरावर पडणारा पाऊस ओहोटीची वाट पाहत तलावात थांबतो. ज्या शहराचा पावसाळी निचरा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर बांधलेला आहे, ते समुद्राचे नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? या तलावांत आता गाळ भरला आहे, कांदळवनही वाढले आहे, आणि २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांनी कांदळवनाला संरक्षण असल्याने गाळ उपसायचा कसा, हा पेच आहे. तो सोडवायलाही आधी हे समुद्राचे पाणी आहे हे मान्य करावे लागेल.

कायद्याने ते केव्हाच मान्य केले आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेतच भरती-ओहोटीचा परिणाम असलेल्या खाड्या आणि नद्यांचा समावेश होता. २०११ च्या अधिसूचनेने त्याला मोजमाप दिले: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजार भागांत पाच भाग असेल, तिथपर्यंत किनारा धरायचा. २०१९ मध्ये खाडीकाठचे अंतर १०० मीटरवरून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले जे कमी ते, एवढ्यावर आणले. ही सवलत मला चुकीची वाटते. पण सवलत देणाऱ्यांनीही खाडी किनाऱ्यातून वगळलेली नाही, हे लक्षात घ्यावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की मग कोणतेही शहर समुद्राचे ठरेल. तसे होत नाही. वाराणसी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वर आहे, २०१८ मध्ये तिथे मालवाहतुकीचे टर्मिनल सुरू झाले, तिथून हल्दियापर्यंत आणि पुढे समुद्रात जाता येते. म्हणून वाराणसी किनाऱ्यावर येत नाही. जहाज पोहोचते एवढे पुरेसे नाही, समुद्र स्वतः पोहोचला पाहिजे. कोलकात्याचे प्रकरण अधिक अवघड आहे, हे मान्य करतो. हुगळीत भरती कोलकात्याच्याही वर जाते आणि शहरात मोठे बंदर आहे. पण त्याच हुगळीचे पाणी शुद्ध करून ते शहर पिते. ठाण्याच्या खाडीचे पाणी असे पिता येणार नाही. भरती आणि खारेपणा या दोन्ही अटी एकत्र लावल्या की सीमारेषा बऱ्यापैकी स्पष्ट होते. उल्हास नदीवर किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीवर ती नेमकी कुठे पडते, हे मोजून ठरवता येते आणि मोजलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की ही खाडी आता सांडपाण्याचा नाला झाली आहे, गाळाने उथळ झाली आहे, तिला समुद्र म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. खाडीची दशा वाईट आहे, यात वाद नाही. पण आपणच घाण सोडून, भराव टाकून तिला अरुंद करायचे आणि मग ती अरुंद आहे म्हणून तिचे संरक्षण काढून घ्यायचे, हा न्याय कोणाला पटेल? समुद्र तिच्यात यायचा थांबलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाऊ शकले नाही. समोर खाडी आहे की खुला समुद्र, याने त्या पाण्याला फरक पडला नव्हता.

तिसरा आक्षेप ग्राहकाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. समुद्रासमोरचे घर म्हणून पैसे मोजणाऱ्याला खिडकीतून खुला दर्या, खारा वारा आणि मावळता सूर्य अपेक्षित असतो, पलीकडच्या काठावरचे मनोरे नव्हे. त्याची फसवणूक होऊ नये. पण त्यावर उपाय म्हणून खाडी समुद्र नसल्याचे जाहीर करणे हा उलटा मार्ग आहे. खाडीकाठच्या प्रत्येक प्रकल्पाने महारेराच्या नोंदणीतच नव्हे तर जाहिरातीतही तीन गोष्टी छापाव्यात: इमारतीचे भरतीरेषेपासूनचे अंतर, तळमजल्याची उधाणाच्या पातळीपेक्षा उंची, आणि पावसाचे पाणी कोणत्या नाल्यातून वा तलावातून खाडीत जाते ते. महापालिकांनीही विकास आराखड्याच्या नकाशावर मंजूर भरतीरेषा सर्वसामान्य माणसाला वाचता येईल अशी ठळक दाखवावी, आणि पावसाळ्याच्या आधी साठवण तलावांच्या झडपा तपासल्याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा.

आपला,
एक वाचक, ऐरोली