‘होय’ म्हणण्यापूर्वीं

घरांतील संगणकावर आतां वर्षाचा हिशेब, मुलांचा अभ्यास आणि तीन पिढ्यांचीं छायाचित्रें एकत्र नांदूं लागलीं आहेत. त्यावर लिनक्स असेल, तर त्याचीं पॅकेजें नवीं करण्याच्या प्रश्नावरून घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘चाललें आहे तें चालूं द्या’. दुसरा म्हणतो, ‘नवें आलें कीं लागलीच घ्या.’ आमच्या मतें दोघेहि सारखेच चुकतात.

पहिल्या पक्षानें २०१४ चा एप्रिल आठवावा. गुप्तलेखन सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्यें ‘हार्टब्लीड’ नांवाचें छिद्र जाहीर झालें. दुरुस्ती त्याच दिवशीं प्रसिद्ध झाली. परंतु ज्यांनीं ती घेतली नाहीं, त्यांच्या यंत्रांच्या स्मृतींतील गुपितें परक्यांस वाचतां येत राहिलीं. दुसऱ्या पक्षानें २०२४ चा मार्च आठवावा. ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या अगदीं नव्या आवृत्त्यांत कोणीं चोरदार बसविलें होतें. दुरून प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, याचा शोध घेतां घेतां अँड्रेस फ्रॉइंड यांनीं तें पकडलें. डेबियनच्या चांचणीच्या शाखांत तें शिरलें होतें. ‘स्टेबल’ शाखेंत मात्र नव्हतें. यास्तव घरीं स्थिर शाखाच ठेवावी, व तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या विनाविलंब घ्याव्या.

डेबियनवर ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा केवळ नवी यादी आणते. ‘ॲप्ट अपग्रेड’ नव्या आवृत्त्या बसविते, परंतु असलेलें पॅकेज काढीत नाहीं. ‘फुल-अपग्रेड’ला मात्र ती मुभा आहे. मागील वर्षीं आमच्या पुतण्यानें हीच आज्ञा दिली, आणि प्रश्न येतांच ‘एंटर’ दाबलें. तें दाबणें म्हणजेच ‘होय’. बाहेरून घेतलेल्या एका पॅकेजाशीं विरोध आल्यामुळें पडद्यावरील सारी मांडणीच निघून गेली, व थोरल्या वहिनींचा हिशेब दोन दिवस अडकून पडला. काय काढलें जाणार, हें यादींत स्पष्ट लिहिलेलें होतें!

तेव्हांपासून आम्ही पुढील क्रम पाळतों. आधीं सर्व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतों, व तींतील एक-दोन उघडून पाहतों. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणें बरें नव्हे. मग ‘--सिम्युलेट’ जोडून आज्ञेची रंगीत तालीम करतों. वीज जाण्याचा संभव असल्यास काम पुढें ढकलतों. नवें कर्नेल नीट सुरू होईपर्यंत जुनें काढीत नाहीं. मुख्य आवृत्ती बदलतांना पायरी गाळीत नाहीं : अकरावरून बारा, मग ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेली तेरा. मध्येंच खंड पडलाच, तर ‘डीपीकेजी --कन्फिगर -ए’ ही आज्ञा अर्धवट राहिलेली मांडणी बहुधा पुरी करते.

एकत्र कुटुंबांत हें काम एकाकडे सोंपवावें. परंतु ‘होय’ म्हणण्यापूर्वीं यादी दोघांनीं वाचावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.