चौदा दिवस आणि एक वजाबाकी

वाळव्याच्या काकांचा ऊस गेला, पैसे अडीच महिन्यांनी आले. कऱ्हाडच्या मामांचीही तीच रड. म्हणजे सांगली काय नि सातारा काय! व्याज मागितलं तर म्हणे, "सिस्टीममध्ये निघत नाही."

अहो, १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो: ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, पुढे वार्षिक १५ टक्के व्याज. वजनपावतीवर तारीख असतेच. मायएसक्यूएलच्या डेटडिफला दोन तारखा द्या, आलेल्या दिवसांतून १४ वजा करा. झालं! तारीख टेक्स्ट म्हणून कोंबली असेल, तर आधी ती डेटमध्ये बदला.

सोसायटीच्या कर्जाचं व्याज मात्र दिवस मोजून वसूल होतं. तेव्हा बरी वजाबाकी जमते! मित्रहो, दोष डेटाबेसचा नाही. ही क्वेरी कुणाला लिहायचीच नाहीये.