गळकी गाडी आणि सिलिकॉनची नळी

गोव्यात मृगाचा पाऊस लागला, की जुनी हॅचबॅक घेतलेल्या मंडळींच्या गप्पांत एकच विषय असतो. गाडीत पाणी येते! पायाखालची मॅट ओली, काचांवर आतून वाफ आणि आठवड्याभरात कुबट वास. यावर सर्रास चालणारा उपायही एकच. सिलिकॉनची नळी आणायची आणि पाणी दिसते तिथे फासायची. माझे स्पष्ट मत असे, की ही नळी गाडीचे पावसापेक्षा जास्त नुकसान करते.

कारण साधे आहे. गाडी हा हवाबंद डबा नाहीच. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीतून पाणी आत शिरते, तिथल्या पन्हळीत उतरते आणि बाजूच्या वाटांनी खाली पडते. दाराच्या काचेलगतच्या फटीतूनही ते दाराच्या पोटात जाते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. पाण्याला आत घ्यायचे आणि वाट दाखवून बाहेर काढायचे, अशी ही रचना. आता गाडी आंब्याफणसाखाली उभी राहिली, की पाने कुजून पन्हळ तुंबते आणि पाणी चढून ब्लोअरच्या वाटेने आत येते. तळाच्या भोकांत चिखल बसला, की दार आतून गंजते. आणि हीच भोके सिलिकॉनने बुजवणारे महाभागही आहेत!

जुन्या कौलारू घरात थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचे कौल जाणता माणूस बदलत नाही. पाणी वाशावरून, रिपेवरून सरकत दुसरीकडे येऊन टपकते, हे त्याला ठाऊक असते. गाडीतही तेच. पुढच्या मॅटखालचे पाणी काचेच्या कडेने आलेले असेल, दाराच्या पॅडमागच्या फाटक्या प्लॅस्टिकमधून असेल, किंवा इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या एखाद्या सुटलेल्या रबरी बुचातूनही असेल. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात तळे झाले, तर मागच्या दिव्यांचे गॅस्केट आणि डिकीचे रबर पाहावे. ऐन एप्रिलात डावीकडची मॅट ओली होत असेल, तर पावसाला बोल लावू नये. बहुधा एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट.

शोध घ्यायला मोठे गॅरेज लागत नाही. मॅट, कार्पेट उचलावे, आतला पत्रा कोरडा पुसावा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या नळीची साधी धार सोडावी. सुरुवात खालून करावी आणि एकेका जागी चारपाच मिनिटे थांबत वर सरकावे. वरून सुरुवात केली, तर सगळेच भिजते आणि काही कळत नाही. दाराचे रबर तपासायचे तर कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावावे. पट्टी अलगद ओढून निघाली, तर तिथे रबर दबलेले आहे.

वाट सापडल्यावरच सिलिकॉनचा विचार. आधीच फासले, तर पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. कार्पेट वरून सुकते, त्याखालचा फोम मात्र पाणी धरून ठेवतो आणि तळाचा पत्रा गुपचूप खाल्ला जातो. काही गाड्यांत इंजिनाचा संगणकही डॅशबोर्डखाली असतो, तो भिजला तर खर्च विचारू नका. ज्या कुटुंबाने साठवलेले पैसे घालून जुनी गाडी घेतली, त्याला हे परवडणारे नाही. म्हणून जुनी गाडी घेताना चकचकीत रंग पाहण्याआधी मॅट आणि स्टेपनी उचलून पाहावी. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

आमच्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणून तर मे महिन्यात आपण कौले परततो, पुरुमेंत भरून ठेवतो. या यादीत दाराशी उभी असलेली गाडी मात्र कुणी धरत नाही. पन्हळीतली पाने काढणे, दाराची भोके तारेने मोकळी करणे, रबरे पुसणे, सगळे मिळून एका दुपारचे काम. घराची काळजी घेताना अंगवळणी पडलेले शहाणपण थोडे अंगणापर्यंत आणावे, एवढेच म्हणणे.