शेकडा चाळीस सूट!

आपल्या हैदराबाद शहरात सायकलींच्या दोन जाती आहेत आणि त्यांची एकमेकींशी ओळखदेख नाही. पहिली सायकल काळी, जाड दांड्याची, मागे कॅरिअर असलेली. ती पहाटे वर्तमानपत्रे टाकते, दुधाचे कॅन वाहते आणि रात्रपाळीच्या रखवालदाराला घरी पोहोचवते. दुसरी सायकल रविवारी सकाळी मोटारीच्या टपावर बसून शहराच्या पश्चिमेला जाते, तेथे खाली उतरते, वीस-तीस किलोमीटर धावते आणि पुन्हा टपावर बसून घरी येते. पहिलीचा मालक सायकलविषयी कधी बोलत नाही. दुसरीचा मालक दुसरे काही बोलत नाही.

आपण महाविद्यालयीन विद्यार्थी ह्या दोहोंच्या मधोमध उभे आहोत. आपल्याला सायकल रोज लागते, पण मन मात्र रविवारच्या सायकलीवर जडलेले असते. खिशात शिकवण्या करून साठवलेले किंवा घरून मागून घेतलेले थोडे पैसे असतात, आणि नेमक्या अशा वेळी मोबाईलवर जाहिरात झळकते : 'शेकडा चाळीस सूट!' त्या एका ओळीने भलेभले विचारी मित्र विरघळताना पाहिले आहेत. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ह्या सुटीकडे, म्हणजे सवलतीकडे, कसे पाहावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

शाळेत गणिताच्या पुस्तकात 'सूट' नावाचा धडा होता. छापील किंमत अमुक, सूट शेकडा तमुक, तर विक्रीची किंमत काढा. मराठी माध्यमातून शिकलेल्या आम्हा मुलांना 'छापील किंमत' हा शब्द फार भारदस्त वाटे. जणू ती किंमत आकाशातून पडली आहे आणि दुकानदार बिचारा आपल्या पदरचे सोडून देत आहे! ती कोणी छापली, केव्हा छापली आणि कशासाठी छापली, हे त्या धड्यात कोणी विचारत नसे. वाणिज्य शाखेत आल्यावर मात्र पहिला प्रश्न हाच पडला पाहिजे.

समजा, एका सायकलीची छापील किंमत ४५,००० रुपये आहे आणि शेकडा चाळीस सुटीने ती २७,००० रुपयांना मिळते. आपला मित्र म्हणतो, "अठरा हजार वाचले!" परंतु त्याच्याजवळ पंचेचाळीस हजार होते कोठे? जे आपण खर्च करणारच नव्हतो, ते वाचत नाही. त्याच्याजवळ होते पंचवीस हजार. म्हणजे अठरा हजार वाचले नसून दोन हजार कमी पडले आहेत. शिवाय शर्यतीच्या धर्तीच्या अनेक सायकली पेडलशिवाय विकल्या जातात. पेडल, हेल्मेट, दिवे, कुलूप आणि पंप धरले की सत्तावीसाचे तेहेतीस हजार व्हायला वेळ लागत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण सायकलच्या दुकानातही खरी ठरते.

मग सूट खोटी असते काय? तसेही नाही. सूट देण्यामागे कारण असते, आणि ते कारण ओळखता आले तर व्यवहार कळतो. पहिले कारण कराचे. सायकल व तिच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. करापूर्वी २५,००० रुपये किंमत असलेली सायकल आधी २८,००० ला पडे, ती आता २६,२५० ला पडायला हवी. म्हणजेच शेकडा सव्वासहा उतरणे हा ग्राहकाचा हक्कच झाला. जुन्या छापील किमतीवर कोणी 'शेकडा दहा सूट' म्हणत असेल, तर त्यातले सव्वासहा सरकारचे आणि दुकानदाराचे फक्त पावणेचार, हे लक्षात ठेवावे.

दुसरे कारण जागतिक आहे. २०२० मध्ये टाळेबंदी आली, व्यायामशाळा बंद पडल्या, बस-रेल्वेची भीती वाटू लागली आणि जगभर सायकलींना एकाएकी मागणी आली. ब्रेक व गिअर बनविणारी जपानची शिमानो ही १९२१ साली ओसाकाजवळच्या साकाई येथे सुरू झालेली कंपनी. जगातील बहुसंख्य गिअरच्या सायकली तिच्या मालावर अवलंबून. मागणी एवढी वाढली की भागांसाठी महिनोन् महिने थांबावे लागे. व्यापाऱ्यांनी घाबरून जास्तीच्या मागण्या नोंदविल्या. तो माल हाती आला तेव्हा लोक पुन्हा कचेऱ्यांत जाऊ लागले होते. २०२३ पर्यंत परदेशांतील गोदामे भरून वाहू लागली, किमती कोसळल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधील विगल चेन रिअॅक्शन ही सायकल विक्रीतील मोठी पेढी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. साचलेला माल म्हणजे गोदामाचे भाडे आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज. ते रोज चढत असते, म्हणून विक्रेता सूट देतो. ह्यात फसवणूक नाही, तसा परोपकारही नाही.

तिसरे कारण मात्र आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे : मापाचे. मधल्या मापाच्या सायकली आधी संपतात. शेवटी उरतात त्या फार लहान किंवा फार मोठ्या. मोठी सूट बहुधा ह्याच उरलेल्या मालावर असते. चपलेवर निम्मी सूट आहे म्हणून आठ नंबरचा पाय कोणी सहा नंबरच्या चपलेत घालत नाही. पण सायकलीच्या बाबतीत आपण "सीट वरखाली करून घेऊ" म्हणतो. सीट वर करता येते, फ्रेमची लांबी वाढविता येत नाही. चुकीच्या मापाच्या सायकलीवर मान, मनगटे आणि गुडघे रोज हप्ता भरत राहतात, आणि त्या हप्त्याची पावती मिळत नाही.

आता जास्तीचे पैसे मोजून आपल्याला नेमके मिळते काय, तेही पाहू. शर्यतीच्या सायकलीत शिमानोच्या भागांची एक ठराविक शिडी गेली अनेक वर्षे प्रचलित आहे : तळाशी सात गिअरचा टुर्नी, मग आठचा क्लॅरिस, नऊचा सोरा, दहाचा टियाग्रा आणि त्यावर १०५. पायरी चढली की गिअर अधिक हलके बदलतात आणि वजन थोडे उतरते. थोडे म्हणजे किती? स्वार ६५ किलोचा आणि सायकल १२ किलोची, मिळून ७७ किलो. नवी सायकल १० किलोची घेतली तर एकूण ७५. फरक शेकडा अडीचच्या थोडा वर. बंजारा हिल्सचा दहा मिनिटांचा चढ त्यामुळे सुमारे पंधरा सेकंदांनी लवकर संपेल. सपाट रस्त्यावर तर फरक जवळजवळ नाहीच, कारण तेथे झगडा वजनाशी नसून वाऱ्याशी असतो. ताशी २० वरून २५ किलोमीटरवर जायचे, तर वारा कापण्यासाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते, आणि वाऱ्याला अडवते ते मुख्यतः आपले शरीर, सायकल नव्हे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. तेथे किलो-अर्ध्या किलोचा हिशेब शोभतो. काचीगुड्याहून कोठीला जाताना आपल्या दप्तरात जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि हिशेबशास्त्राचे जाडजूड पुस्तक असते. त्या दप्तरासह दोन किलो हलक्या सायकलीचा अभिमान बाळगणे हा विनोद आहे.

लांब पल्ल्याची हौस असेल तर 'ब्रेव्हे' नावाच्या ठरावीक वेळेच्या सफरी आपल्या देशातही होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबणे धरून ताशी पंधराची सरासरी पुरते. तेथे महागड्या सायकलीची अट नाही. माणसाच्या बळावर चालणारे वाहन आणि रात्रीसाठी दिवे पाहिजेत. पाहिजे तो दम, आणि तो सवलतीत मिळत नाही.

तर मग आहे त्याच सायकलीत सुधारणा करावी काय? येथे बहुतेक मित्र अर्धवट मार्ग काढतात. जुन्या सायकलीला एकेक भारी भाग बसवत जातात. तो मार्ग सर्वांत महाग आहे. सात गिअरच्या सायकलीला नऊ गिअर बसवायचे म्हटले, तर नुसते मागचे दातेरी चक्र बदलून भागत नाही. हँडलवरचे गिअरचे खटके, मागचा डिरेलर आणि चेन, सारेच बदलावे लागते. पुष्कळ स्वस्त सायकलींत मागचे फ्रीव्हील आट्यांवर बसविलेले असते. तेथे मागचे चाकच बदलण्याची पाळी येते. उलट कारखानदार हेच भाग हजारोंच्या संख्येने घाऊक दराने घेतो, म्हणून तयार सायकलीत ते पुष्कळ स्वस्त पडतात. किरकोळ दराने सायकल जोडत बसणे म्हणजे घाऊक बाजाराशेजारी राहून पुड्या विकत घेण्यासारखे आहे.

म्हणून माझे मत असे : झिजणारे भाग बदला, नाही तर सायकलच बदला, मधला मार्ग नको. झिजणारे भाग म्हणजे टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, तारा आणि चेन. चेन वेळेवर बदलली तर दातेरी चक्र वाचते. फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २३ ऐवजी २८ मिलिमीटरचे चांगले टायर घालून हवा थोडी कमी ठेवावी. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर हा बदल वरच्या पायरीच्या गिअरपेक्षा अधिक जाणवतो आणि खर्च त्याच्या काही हिश्श्याचा असतो. एवढे केल्यावर सहा महिने नियमित सायकल चालवावी. तरीही तीच अपुरी वाटली, तर ती गरज खरी. मग आपल्या मापाची, भक्कम फ्रेमची, पावती आणि हमीसह मिळणारी सवलतीतली सायकल जरूर घ्यावी. जुनी घ्यायची तर मूळ पावती मागावी, फ्रेमवरचा क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा, सांध्यांवर चिरा नाहीत ना हे उजेडात तपासावे, आणि फ्रेमची हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते हे विसरू नये.

'बिनव्याजी हप्ते' ह्या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नसेल, तर तेच व्याज. कार्डावरच्या हप्त्यांत बँक प्रक्रिया शुल्क घेते आणि व्याजाच्या रकमेवर शेकडा अठरा कर लावते, तो निराळाच.

वडीलधारी माणसे म्हणतात, "सायकलीला तीस हजार? त्यात जुनी स्कूटर येईल!" त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, त्यांनी पैसा घाम गाळून मिळविला आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, स्कूटरची किंमत घेतल्या दिवशी संपत नाही, तेथून सुरू होते. पेट्रोल, विमा, दुरुस्ती हा खर्च दरमहा उभा असतो. सायकल रोज वापरली तर तीस हजारसुद्धा थोडे. रविवारीच वापरली तर दहा हजारसुद्धा पुष्कळ. किंमत मोजायची ती दर किलोमीटरला.

रोज वापरण्याचा मुद्दा निघाला म्हणून आणखी एक. बाह्य वळण रस्त्यालगत सौर छपराचा सायकल मार्ग १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला, तेव्हा नानकरामगुडा व नार्सिंगीकडच्या दोन मार्गिका मिळून त्याची लांबी २३ किलोमीटर आणि छपराची वीज १६ मेगावॅट सांगितली गेली. योजना देखणी खरी. पण सुलतान बाजारातल्या विद्यार्थ्याला सायकलने तेथे पोहोचायचे तर बसगाड्या आणि रिक्षांच्या गर्दीतून पंधरा-वीस किलोमीटर जीव मुठीत धरून जावे लागेल. ज्यांना सायकल हौस म्हणून हवी त्यांना छप्पर मिळाले. ज्यांना ती गरज म्हणून हवी त्यांना रस्त्याची हातभर कडही मिळाली नाही. आपल्यापैकी जेवढे अधिक जण रोज सायकलीने येतील, तेवढी ती कड मागण्याला धार येईल. ती मागणी करण्यासाठी कार्बनची सायकल लागत नाही.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र म्हणतील, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण मराठीत म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन्ही भाषांतील वडिलांचे एकमत झाले आहे. फक्त त्यांच्या काळी अंथरुणावर सूट मिळत नसे. आज जाहिरात आपल्याला लांब अंथरुणाचे चित्र दाखवते आणि पाय पसरायला सांगते. तेव्हा दुकानात शिरण्यापूर्वी घरीच एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : रोजचे किलोमीटर, आपले माप, आणि सगळे साहित्य धरून खर्चाची कमाल मर्यादा. विक्रेत्याने दाखविलेली सायकल त्या तीन ओळींत बसली तर सूट आपल्या फायद्याची. नाही बसली, तर ती सूट दुकानदाराच्या गोदामाच्या फायद्याची समजावी आणि नमस्कार करून बाहेर पडावे.