एडनाबाईंचे घर

डेम एडना एव्हरेज म्हटले की जांभळट केस, झगमगता चष्मा आणि प्रेक्षकांत भिरकावलेली ग्लॅडिओलीची फुले आठवतात. बॅरी हम्फ्रीज यांनी १९५५ साली मेलबर्नच्या रंगमंचावर आणलेली बाई मात्र साधीच होती. मूनी पॉन्ड्स या उपनगरातील ही गृहिणी पुढल्या वर्षीच्या ऑलिंपिकच्या पाहुण्यांसाठी आपले घर देऊ करते, आणि त्या निमित्ताने घरातली एकेक वस्तू अभिमानाने सांगत सुटते. आडनाव म्हणजे 'ॲव्हरेज'चा ऑस्ट्रेलियन उच्चार. शिकल्यासवरल्या तरुणाने अशा बाईला हसावे, यात क्रौर्य होते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

१९७४ च्या एका चित्रपटात खुद्द पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तिला 'डेम' केले. (कोणत्या देशाचा पंतप्रधान एवढी थट्टा अंगावर घेईल?) पुढे विनोदाचा रोख प्रसिद्धीकडेच वळला. १९८७ पासूनच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत नामवंत मंडळी तिच्या आलिशान घरी येऊन हौसेने अपमान करून घेत. हा टप्पा मला बोथट वाटतो. अपमान हाच मान ठरला, की उपरोधाला बोचायला जागा उरत नाही.

रंगमंचावरची एडना वेगळी. ब्रॉडवेवरील ज्या प्रयोगांसाठी २००० साली तिला विशेष टोनी पुरस्कार मिळाला, त्यांतही ती पुढच्या रांगेतील बायकांना घरच्या सजावटीविषयी खोदून विचारी. बाई संकोचून उत्तर देई, सभागृह हसे, आणि हसणाऱ्यालाही आपल्या घरचे पडदे आठवत.